पाणी कोणाच्या हातचे? लक्ष्मीबाई टिळक आणि प्रेम शिकण्याचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #स्मृतिचित्रे

१/
धर्मांतराच्या इतिहासावर मराठीत वाद पुष्कळ होतात. कोणी धर्म का सोडला, कोणाच्या प्रभावाने सोडला, त्यामागे श्रद्धा होती की आमिष, हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. नवा धर्म स्वीकारल्यावर त्या माणसाच्या स्वयंपाकघरात काय बदलले? शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करावे, ही ख्रिस्ताची आज्ञा त्याने पाठ केली असेल. पण त्या शेजाऱ्याच्या हातचे पाणी तो प्यायला का?

२/
या प्रश्नाचे मराठीतील सर्वांत प्रामाणिक उत्तर लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांनी लिहून ठेवले आहे. शाळेत न गेलेल्या, पतीने मधूनमधून शिकवलेल्या अक्षरांवर वाढलेल्या या स्त्रीच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. विनोदासाठी, निर्मळ भाषेसाठी आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या चरित्रासाठी तो ग्रंथ वाचला जातो. पण इतिहासाच्या अभ्यासकासाठी त्याचे आणखी एक मोल आहे. एक माणूस परक्यावर प्रेम करायला कसकसा शिकतो, याची ती जवळजवळ तारीखवार नोंद आहे.

३/
या थ्रेडचे म्हणणे आधीच सांगून ठेवणे बरे. ख्रिस्ती शिष्यत्वातील प्रेमाची खरी कसोटी देण्यात नाही, घेण्यात आहे. देणारा हात नेहमी वर असतो. दान, औषध, शिक्षण, उपदेश हे सारे स्वतःचे उच्चपण अबाधित राखूनही देता येते. मात्र ज्याला आपण हीन मानत आलो, त्याच्या ओंजळीतून पाणी घेताना ते उच्चपण टिकत नाही. लक्ष्मीबाईंची गोष्ट ही घ्यायला शिकण्याची गोष्ट आहे.

४/
आरंभ नाशिकजवळच्या जलालपूरपासून. गोखल्यांच्या घरात जन्मलेल्या या मुलीचे माहेरचे नाव मनकर्णिका. १८५७ च्या धामधुमीत जवळच्या नातलगाला फाशी झाल्याचा धक्का तिच्या वडिलांना बसला आणि त्यांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येईना. कोणाचा हात लागला, कोणाची सावली पडली, याचा हिशेब दिवसभर चाले. लक्ष्मीबाईंनी पुढे या वेडाची थट्टा केली आहे. पण त्या थट्टेच्या तळाशी एका लहान मुलीची घुसमटही दिसते.

५/
येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सोवळे घराघरांत केवळ द्वेषाच्या जोरावर टिकले नाही. ते मायेच्या हाताने शिकवले गेले. कोणाला शिवू नये, कोणाकडे पाणी मागू नये, हे मुलीला आईने, आजीने, आत्याने जेवू घालता घालता सांगितले. परक्याविषयीची किळस अशा रीतीने आपल्या माणसांच्या प्रेमात मिसळली. म्हणूनच ती सोडणे पुढे कठीण जाते. शिवाशिव टाकणे म्हणजे ज्यांनी वाढवले त्यांच्याशी बेइमानी करणे, असे मनाला वाटू लागते.

६/
१८८० च्या सुमारास, बालवयातच, तिचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. कवी, संस्कृतचे जाणकार, कीर्तनाची आवड असलेले, एका गावी फार दिवस न टिकणारे आणि हातात पैसा न टिकू देणारे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे संभाषण झाले. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला.

७/
मत्तयकृत शुभवर्तमानाचे पाच ते सात हे अध्याय ‘डोंगरावरील प्रवचन’ म्हणून ओळखले जातात. शत्रूवरही प्रेम करा, छळणाऱ्यासाठी प्रार्थना करा, अशी शिकवण तेथे आहे. ती वाचताना टिळक थांबले ते थांबलेच. पुढे तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे ते बोलत असत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

८/
आणि येथेच या गोष्टीतील पहिला अवघड प्रसंग येतो. सर्वांवर प्रेम करण्याची आज्ञा शिरोधार्य मानणाऱ्या या गृहस्थाने आपल्या पत्नीला विश्वासात घेतले नव्हते. पदरी तीन-चार वर्षांचा मुलगा दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढायचे आणि लोकांच्या नजरा सोसायच्या. चार-पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी अशी काढली. त्यांतला बराच काळ पंढरपुरात बहिणीच्या घरी गेला. डोंगरावरील प्रवचनाने भारलेल्या शिष्याचे सर्वांत जवळचे माणूस त्याच्याच निर्णयाने पोळले, हे चरित्रकारांनी झाकण्याचे कारण नाही. खुद्द लक्ष्मीबाईंनी ते झाकलेले नाही.

९/
टिळकांच्या बाजूनेही न्याय केला पाहिजे. त्यांनी पत्नीला टाकले नाही. पत्रे लिहीत राहिले, भेटीसाठी धडपडत राहिले. आणि लक्ष्मीबाई अखेर अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) त्यांच्याकडे राहायला आल्या, तेव्हा धर्म बदलण्याची अट त्यांनी घातली नाही. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात तिची वेगळी चूल, वेगळे पाणी, तिचे सोवळे, सारे चालू राहिले. ज्या विचाराचा पुरस्कार ते बाहेर करत होते, त्याच्या नेमका उलट व्यवहार त्यांनी घरात सहन केला.

१०/
तत्त्वनिष्ठेच्या काटेकोर मापाने ही तडजोड ठरेल. मात्र टिळकांच्या शिष्यत्वातील प्रेमाचा पहिला खरा धडा बहुधा हाच असावा. १८९५ मध्ये त्यांनी पत्नीच्या वतीने निर्णय घेऊन टाकला होता. आता तिच्या गतीने चालायला ते शिकत होते. समोरचा माणूस आपल्याला पटलेल्या सत्यापर्यंत अजून पोचलेला नाही, हे मान्य करून त्याच्याबरोबर राहणे हे उपदेशापेक्षा कितीतरी कठीण असते.

११/
वळण आले ते राहुरीच्या दिवसांत. लक्ष्मीबाईंच्या मनात एक प्रश्न उभा राहिला: जातिभेद देवाने केला की माणसाने? कोणी पाद्री समोर नव्हता, वादविवाद नव्हता, ग्रंथप्रामाण्य नव्हते. त्यांच्या मनाने उत्तर दिले की हे माणसाचे काम आहे. मग त्यांनी निश्चय केला की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, कोणाच्याही हातचे प्यायचे. वडिलांनी बाजारातील जिनसांवरून जगाचा स्पर्श धुऊन काढला होता. मुलीने तो स्पर्श आपल्या ताटात घेतला.

१२/
घटनांचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम शिवाशिव सुटली. ख्रिस्तावरील श्रद्धा नंतर दृढ झाली आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा झाला. मिशनच्या प्रचारात गोष्ट उलट क्रमाने सांगण्याची रीत असे: आधी श्रद्धा, मग तिचे फळ म्हणून सद्वर्तन. विरोधकांच्या कथनात तर स्वयंपाकघराला जागाच नसते. तेथे फक्त आमिष असते किंवा दडपण. लक्ष्मीबाईंचा अनुभव या दोन्ही साच्यांत बसत नाही. त्यांच्या बाबतीत पाण्याचा पेला मतपरिवर्तनाच्या आधी आला.

१३/
हा क्रम ख्रिस्ती परंपरेला परका आहे काय? योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय पाहावा. भर दुपारची वेळ. येशू शोमरोन प्रांतात याकोबाच्या विहिरीपाशी दमून बसला आहे. शिष्य अन्न विकत आणायला गावात गेले आहेत. एक शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात व्यवहार नसे. यहुद्यांच्या लेखी ती विटाळलेली जमात. येशू तिला उपदेशाचा पहिला शब्द बोलण्याआधी काय करतो? तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो.

१४/
त्या मागण्याने ती स्त्रीच चकित होते. तिच्या आश्चर्याचे मर्म मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. शतकानुशतके पाणवठ्यावर उभ्या असलेल्या समाजाला ते उपजतच कळते. येशूने तिला काही देऊ केले असते तर ती दया ठरली असती. त्याने मागितले, म्हणून तिला प्रश्न विचारता आला, वाद घालता आला, बरोबरीने बोलता आले. त्या प्रकरणातील पुढचा सारा संवाद या एका मागणीवर उभा आहे.

१५/
शिष्यांना मात्र हे शिकायला फार वेळ लागला. नव्या करारात शिष्यासाठी जो ग्रीक शब्द येतो, ‘मथेटीस’, त्याचा मूळ अर्थच शिकणारा असा आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात पेत्राची गोष्ट येते. यापो गावी घराच्या धाब्यावर तो प्रार्थनेला गेला असता त्याला भूक लागते आणि दृष्टान्त होतो: आकाशातून एक चादर उतरते, तिच्यात शुद्ध-अशुद्ध सारे प्राणी. खा, अशी आज्ञा होते. पेत्र नकार देतो. असे तीन वेळा घडते. त्यानंतरच तो कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीचा उंबरठा ओलांडतो.

१६/
येशूच्या सहवासात वावरलेल्या पहिल्या शिष्यालाही सोवळे टाकण्यासाठी तीनदा सांगावे लागले. आणि तेवढ्याने भागले नाही. अंत्युखियात पेत्र अन्य जातीयांच्या पंक्तीला बसत होता. पण यरुशलेमहून कर्मठ मंडळी येताच तो मागे सरला. पौलाने सर्वांदेखत त्याला जाब विचारला. ही हकिगत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. आरंभीच्या मंडळीतील एक मोठा तंटा पंक्तिव्यवहारावरून झाला, ही गोष्ट वारकरी संतांचे चरित्र वाचलेल्या मराठी माणसाला ओळखीची वाटेल.

१७/
बाप्तिस्म्याने हा धडा आपोआप पाठ होतो काय? भारतातील चर्चचा इतिहास ‘नाही’ असे उत्तर देतो. महाराष्ट्राच्या बाहेर, तमिळ प्रदेशातील अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये वरच्या आणि खालच्या जातींच्या ख्रिस्ती लोकांची बसण्याची जागा वेगळी असे. प्रभुभोजनाचा प्यालाही काही ठिकाणी वेगळा. एका देहाचे अवयव म्हणून जो विधी करायचा, त्यातच वेगळे भांडे!

१८/
१८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्रक काढून मंडळीतील जातिभेद पूर्णपणे सोडण्याचा आदेश दिला. तंजावरसारख्या ठिकाणी त्याला कडवा विरोध झाला आणि कित्येक जण मंडळीपासून दूर झाले. सद्धर्माचा सिद्धान्त पाठ असलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांनाही दुसऱ्याच्या ओठांना लागलेला प्याला आपल्या ओठांना लावणे जमले नाही. लक्ष्मीबाईंच्या राहुरीतील निश्चयाचे वजन या पार्श्वभूमीवर जोखावे.

१९/
अहमदनगरची परिस्थिती काय होती? अमेरिकन मराठी मिशनने तेथे १८३१ मध्ये ठाणे उघडले. जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजात बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातून आलेले होते. ब्राह्मण कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने ‘शेजारी’ हा शब्द अमूर्त राहिलाच नाही. ज्यांची सावली माहेरी चालत नव्हती, त्यांच्याच शेजारी प्रार्थनेला बसायचे होते, त्यांच्या मुली सांभाळायच्या होत्या, त्यांच्या घरी जेवायचे होते.

२०/
पुढे अहमदनगरात प्लेग आला. मिशनच्या वसतिगृहातील मुलींना त्याची लागण झाली, तेव्हा त्यांच्या शुश्रूषेसाठी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत प्लेगच्या रुग्णांत जाऊन राहिल्या. ज्या देहाला शिवायचे नाही असे बालपणी शिकवले गेले, तोच देह आता तापाने फणफणलेला, गाठी आलेला, आणि त्याला उचलायचे, धुवायचे, कुशीवर वळवायचे. राहुरीला पाण्याचा निश्चय आधी झाला नसता तर ही शुश्रूषा घडली असती काय? कदाचित घडली असती. पण मग त्या मुली तिच्या लेकी न राहता तिच्या पुण्याचे साधन झाल्या असत्या.

२१/
येथे एक आक्षेप रास्तपणे पुढे येतो: यासाठी ख्रिस्ती होण्याची गरज काय? गरज नाही, हे इतिहास निःसंदिग्धपणे सांगतो. १८६८ मध्ये, लक्ष्मीबाईंच्या जन्माच्याच वर्षी, जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई प्लेगने गेल्या. प्लेग झालेल्या एका मुलाला दवाखान्यापर्यंत पोचवताना त्यांना संसर्ग झाला होता. प्रेमाची मक्तेदारी कोणत्याही एका पंथाकडे नाही.

२२/
मात्र यातून उलट निष्कर्षही निघत नाही. लक्ष्मीबाईंना हे शिक्षण ज्या वाटेने मिळाले ती ख्रिस्ताची वाट होती आणि त्यांनी स्वतः ती तशीच सांगितली आहे. फुल्यांची वाट सत्यशोधनाची होती. वाटा वेगळ्या असल्या तरी दोन्हींवर पाणवठा लागतो. इतिहासकाराचे काम वाटांची स्पर्धा लावण्याचे नाही. पाणवठ्याशी कोण थांबले आणि कोण वळसा घालून गेले, एवढे पाहण्याचे आहे.

२३/
दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ब्राह्मण स्त्री दलिताच्या हातचे पाणी प्यायली यात तिचे एवढे कौतुक कशासाठी? तहानलेला तर वर्षानुवर्षे दुसराच कोणी होता. या आक्षेपाला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी पाणी प्यायले, तेव्हा त्यांनी कोणाच्या प्रेमाची वाट पाहिली नाही. त्यांनी हक्क बजावला. कोणाच्या मनात प्रेम उपजेपर्यंत तहानलेल्याने थांबावे, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

२४/
म्हणूनच देणे आणि घेणे यांतला फरक महत्त्वाचा ठरतो. प्रेमाच्या नावाखाली जे केवळ देत राहते, ते हक्काच्या आड येऊ शकते. उपकाराचे ओझे ठेवून ते घेणाऱ्याला कायम खाली ठेवते. मात्र जे प्रेम घ्यायला तयार असते, ते समोरच्याचे समानत्व आधी मान्य करते. ते हक्काची जागा घेत नाही. हक्क मिळाल्यावरही जी अढी मनात उरते, ती सोडवण्याचे काम ते करते. कायद्याने विहीर खुली होते. खुल्या विहिरीवर भेटलेल्या माणसाला ‘जरा पाणी घाल’ म्हणणे हे मात्र ज्याचे त्यालाच शिकावे लागते.

२५/
आता पुन्हा टिळकांकडे. देण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. हातात आलेला पैसा गरजूच्या हाती जाई आणि संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. घरात सदैव कोणी ना कोणी आश्रित. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, अहमदनगरला त्यांच्या घरी राहिले, घरच्या मुलासारखे वाढले आणि हिंदूच राहिले. टिळकांच्या औदार्याचे गोडवे गाताना हे विसरले जाते की त्या औदार्याची चूल दुसऱ्या कोणाच्या तरी हातांनी पेटत होती. लक्ष्मीबाई ते हसत सांगतात. वाचणाऱ्याने हसून झाल्यावर थोडे थांबावे.

२६/
सप्टेंबर १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला. साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ या नावाने त्यांनी ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसंघ उभारण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे मुभा होती. चर्चच्या पाश्चात्त्य चौकटीबाहेर, भारतीय मातीत रुजलेली मंडळी त्यांना हवी होती. कल्पना धाडसी होती. पण वेळ थोडा उरला होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

२७/
त्यांच्यामागे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले. टिळकांनी दहा-अकरा अध्याय लिहिले होते. उरलेले साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून ग्रंथ पूर्ण केला. ज्या धर्मांतराने कधी काळी त्यांचे घर मोडले, त्याच धर्माच्या प्रभूचे चरित्र त्यांनी मराठी ओवीत उतरवले. नवऱ्याने सोडलेला धागा हाती घेणे हेही एक प्रकारचे घेणेच होते. ज्या माणसाने तिला न विचारता दिशा बदलली, त्याचे अपुरे काम तिने स्वतःच्या बुद्धीने आणि स्वतःच्या आवाजात पुरे केले.

२८/
लक्ष्मीबाईंना संत ठरवण्याची गरज नाही. त्यांना स्वतःलाच ते आवडले नसते. त्यांचा राग, त्यांचा हट्ट, त्यांची भीती ‘स्मृतिचित्रे’च्या पानापानांत आहे. आणि तो ग्रंथ अखेर त्यांच्या नजरेतून लिहिलेला आहे. ज्यांनी त्यांना पाणी दिले त्या बायांनी त्या दिवसाविषयी काय म्हटले असते, हे त्यात नाही. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातील ही पोकळी नव्या अभ्यासकांनी भरून काढायला हवी. मंडळ्यांच्या नोंदवह्या, ‘ज्ञानोदय’सारख्या १८४२ पासूनच्या नियतकालिकाचे अंक आणि घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या आठवणी यांत ती माणसे भेटतील.

२९/
धर्मांतराच्या वादात पुढच्या वेळी कोणी विचारले, की या माणसाने धर्म बदलून काय मिळवले, तर आणखी एक प्रश्न जोडून पाहावा: त्याने कोणाच्या हातचे पाणी घेतले? हा प्रश्न ख्रिस्ती, हिंदू, बौद्ध, निधर्मी सर्वांनाच लागू आहे. १८९५ च्या मुंबईला तो विचारता येतो, १८३३ च्या तंजावरला विचारता येतो, आणि ज्या घरांत कामाला येणाऱ्या बाईंचा पेला आजही निराळा ठेवलेला असतो, त्या घरांनाही विचारता येतो.

३०/
जलालपूरच्या घरात जगाचा स्पर्श धुऊन काढायला किती पाणी लागले असेल, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. राहुरीला लक्ष्मीबाईंना जे पाणी शिकावे लागले ते एक पेलाभर होते. तेवढे शिकायला त्यांना तीस वर्षे लागली.

(थ्रेड समाप्त)